मुठेच्या गाळातले दप्तर

मुंबई-बंगळूर महामार्गाने कात्रजच्या बाजूने येणारा प्रवासी वडगाव मागे टाकून वारज्यात शिरतो, तेव्हा तो मुठा नदी ओलांडतो. परंतु ही गोष्ट त्याच्या ध्यानात यावी असे त्या पुलावर आता फारसे काही उरलेले नाही. मालमोटारींची अखंड रांग, कठड्याशी अडकलेल्या निर्माल्याच्या पिशव्या आणि खालून येणारा, वर्षाच्या आठ महिन्यांत कमीअधिक उग्र असा दर्प, एवढ्यावरूनच खाली काहीतरी वाहत आहे असा तर्क करावयाचा. वारजे गावठाण, माळवाडी, रामनगर, गणपती माथा, पॉप्युलरनगर, अतुलनगर अशी नावे धारण केलेली वस्ती या पुलाच्या पलीकडे टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत पसरली आहे, आणि जेथे एका पिढीपूर्वी शेते होती तेथे आज अकरा-अकरा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत.

पुण्याच्या भूगोलात वारज्यास उंबरठ्याचे स्थान आहे. खडकवासल्याच्या धरणाची भिंत येथून दहा किलोमीटरांच्या आसपास. मध्ये कोंढवे-धावडे, उत्तमनगर, शिवणे आणि समोरच्या तीरावर नांदेड. धरणात अडलेले पाणी कालव्याने आणि बंद नळांनी शहराकडे निघून जाते, त्यामुळे पावसाळा सरल्यावर नदीच्या पात्रात जे वाहते त्याला पाणी म्हणावयाचे ते केवळ शिष्टाचार म्हणून. वारज्यात महानगरपालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. धरणाचे पाणी तेथे निवळते, क्लोरिन घेते आणि नळाने घरोघर जाते. त्याच घरांतून ते मैल्याच्या वाहिन्यांत उतरते, आणि ज्या वाहिनीस पुढे वाट नाही ती ओढ्याचा आश्रय करून नदीस मिळते. एका दाराने गंगा यावी आणि दुसऱ्या दाराने मोरी जावी, असा हा व्यवहार. त्यात वारजे काही अपवाद नाही. शहराच्या वरच्या अंगास असल्यामुळे येथे तो उघड्या डोळ्यांना दिसतो, इतकेच.

या नदीच्या तळच्या गाळाबद्दल २०१७ साली ‘वॉटर रिसर्च’ नावाच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नचिकेत मराठे हे त्याचे पहिले लेखक, आणि स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातले योआकिम लार्सन हे या संशोधनाचे एक धुरीण. त्यांनी मुठेचा गाळ दोन प्रकारच्या जागांवरून घेतला: शहराच्या वरच्या अंगाला, आणि भर शहरात. त्या गाळातले जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची जुनी रीत त्यांनी पत्करली नाही, कारण बहुसंख्य जीवाणू काचेच्या बशीत वाढण्यास राजीच नसतात. गाळातला सर्व डी.एन.ए. एकत्र काढून, त्याचे तुकडे वाचून, त्यांत कोणकोणती जनुके आहेत याची मोजदाद त्यांनी केली. जप्त केलेल्या वाड्यातले कागद बोचक्यात बांधून आणावेत, मग एकेक उलगडून वाचावा, आणि त्यावरून घराण्याची मिळकत नि कर्जे ठरवावीत, तशी ही पद्धत.

त्या वाचनातून जे निघाले ते सावकाश सांगण्याजोगे आहे. एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी, औषधास दाद न देण्याचे सामर्थ्य देणारी १७५ निरनिराळी जनुके त्या गाळात सापडली. शहरातल्या गाळात अशा जनुकांचे सापेक्ष प्रमाण वरच्या अंगाच्या गाळापेक्षा तीसपट होते. त्यांत एन.डी.एम., व्ही.आय.एम., के.पी.सी., आय.एम.पी., ऑक्सा-४८ या नावांची जनुके होती. वैद्यकाशी संबंध नसलेल्या वाचकास ही अक्षरे निरर्थक वाटतील, परंतु अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरास ती काळी यादी वाटते, कारण इतर औषधे हरल्यानंतर रुग्णाच्या शिरेत ज्या कार्बापेनेम वर्गाच्या औषधांचा आधार घेतला जातो, त्या औषधांचे रेणूच या जनुकांनी बनविलेली विकरे फोडून टाकतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाचा जीवाणू, ज्याची ख्याती मुख्यतः रुग्णालयात जडणाऱ्या आजारांबद्दल आहे, तो काही नमुन्यांत २९ टक्क्यांपर्यंत आढळला. इतके प्रमाण अशा खोल वाचन झालेल्या दुसऱ्या कोणत्याही नमुन्यात आपल्या पाहण्यात नाही, असे निबंधकर्त्यांनी नमूद केले आहे.

एक तपशील मात्र उलट्या दिशेचा आहे, आणि त्याने माझ्यासारख्या उंबरठ्याची उपमा देणाऱ्याची पंचाईत होते. कोलिस्टिन या अखेरच्या औषधास निष्प्रभ करणारे एम.सी.आर.-१ हे जनुक शहराच्या गाळात आढळले नाही. ते आढळले वरच्या अंगाच्या एका नमुन्यात. वर सारे निर्मळ आणि खाली सारे मलिन, अशी सोयीची वाटणी निसर्ग करून देत नाही.

हे वाचून वर्तमानपत्रांनी नदीला रोगजंतूंचा कारखाना ठरवावे, हे स्वाभाविक होते. माझे मत निराळे आहे. लार्सन ज्याचे एक लेखक होते अशा २०१९ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने असे दाखविले की, मैलामिश्रित पाण्यात या जनुकांचे प्रमाण वाढलेले दिसते त्याचे स्पष्टीकरण बव्हंशी एकाच गोष्टीने होते: तेथे मनुष्याची विष्ठा किती मिसळली आहे. म्हणजे नदीने ही जनुके घडविली असे नव्हे. ती आपल्या आतड्यांतून तिच्याकडे गेली. वारज्यापासून मुंढव्यापर्यंत ज्या ज्या घरात सर्दीवर, तापावर, घशाच्या खवखवीवर, पोटाच्या बिघाडावर अँटिबायोटिकाची गोळी घेतली गेली, त्या त्या घराची नोंद या गाळात पडली. मुठेचा गाळ हे पुणे शहराचे दप्तर आहे. आपण काय गिळले हे आपण विसरतो, तो विसरत नाही.

आता हे सामर्थ्य जीवाणूंत येते कसे, याविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. प्रतिजैविके ही मुळात सूक्ष्मजीवांचीच शस्त्रे. पेनिसिलिन ही एका बुरशीची निर्मिती, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या एका जीवाणूची. जेथे शस्त्र तेथे ढाल, या न्यायाने त्यांना प्रतिकार करणारी जनुकेही मनुष्याच्या पुष्कळ आधीपासून मातीत नांदत आली आहेत. कोट्यवधी जीवाणूंत एखाद्याजवळ अशी ढाल असते. आपण औषध घेतले की तिच्यावाचून असलेले मरतात, आणि तो एकटा मोकळ्या रानाचा मालक होतो. इतकेच असते तरी संकट मर्यादित राहिले असते. परंतु जीवाणूंचे वतन केवळ वंशपरंपरेने चालत नाही. प्लास्मिड नावाची डी.एन.ए.ची लहानशी कडी त्यांच्याजवळ असते, आणि दोन जीवाणू परस्परांस चिकटले असता एकाने आपल्या सनदेची नक्कल दुसऱ्याच्या हवाली करावी, तशी ती कडी हस्तांतरित होते. देणारा आणि घेणारा एका जातीचे असण्याचीही गरज नाही. पुष्कळदा एकाच कडीवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके एकत्र गुंफलेली असतात, त्यामुळे एक औषध वापरले तरी पाचही ढाली टिकून राहतात. पोटातल्या निरुपद्रवी जीवाणूने आपली सनद उद्या न्यूमोनियाच्या जंतूस दिली, तर तिची रुजुवात घेणारे कचेरीत कोणी बसलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी हे प्रकरण माझ्या घरापर्यंत आले. माळवाडीत राहणाऱ्या माझ्या आत्याबाई, वय सत्याहत्तर, लघवीच्या जळजळीने आणि थंडीतापाने आजारी पडल्या. घरात मागल्या खेपेच्या उरलेल्या चार गोळ्या होत्या, त्या त्यांनी प्रथम संपविल्या. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘जरा पॉवरची’ म्हणून मिळालेल्या तीन. मग एका दवाखान्यातल्या पाच दिवसांच्या, आणि ताप न उतरल्यामुळे दुसऱ्या दवाखान्यातल्या सुया. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी लघवीचे कल्चर करावयास सांगितले. असला तपास निघावयास दोन-तीन दिवस लागतात, कारण जंतू वाढण्यास स्वतःचा वेळ घेतो. आणि तो पहिल्याच दिवशी केला असता तर मधले सारे रामायण टळले असते, हे आम्हां शिकल्यासवरल्या मंडळींस सुचले नाही. जो कागद हाती आला त्यात डाव्या बाजूस औषधांची नावे आणि उजव्या बाजूस एकेक अक्षर होते. जंतू ई. कोलाय. अ‍ॅम्पिसिलिनसमोर ‘आर’, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसमोर ‘आर’, सेफिक्झिमसमोर ‘आर’, सेफ्ट्रायॅक्झोनसमोर ‘आर’. असे खाली खाली उतरत गेल्यावर तळाशी तीनचार ‘एस’. ‘आर’ म्हणजे जंतू त्या औषधास जुमानत नाही, ‘एस’ म्हणजे त्यास शरण जातो. आत्याबाईंनी चष्मा पुसून तो कागद पाहिला आणि विचारले, “बाळ, म्हणजे माझ्या अंगाला औषध लागू पडेनासं झालंय का?”

या प्रश्नात जो गैरसमज आहे तो त्यांच्या एकट्यांचा नव्हे. मी तो पदवीधरांच्या तोंडूनही ऐकला आहे. औषधास सरावतो तो जंतू, मनुष्य नव्हे. म्हणूनच ज्याने उभ्या आयुष्यात एकही अँटिबायोटिक घेतले नाही, त्यालाही शेजाऱ्याच्या पोटात तयार झालेला जंतू जडू शकतो, आणि त्याच्याही कागदावर ‘आर’ची तीच रांग उमटते. आत्याबाई बऱ्या झाल्या त्या नायट्रोफ्युरान्टॉइनने, म्हणजे १९५३ पासून वापरात असलेल्या एका जुन्या आणि स्वस्त गोळीने. महागड्या सुया हरल्या आणि अडगळीत पडलेले औषध उपयोगी आले, याचे कारण त्या औषधाचा कोणी फारसा उपभोग घेतला नव्हता. न वापरणे हाच त्याच्या सामर्थ्याचा साठा.

वस्तुतः आपल्या प्रांतात या संकटाची दवंडी पिटली गेली ती सोळा-सतरा वर्षांपूर्वी, आणि तीही मुंबईत. २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात हिंदुजा रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने कार्बापेनेमास दाद न देणारे २४ जीवाणू वेगळे काढले. त्यांपैकी २२ मध्ये एन.डी.एम.-१ हे जनुक होते. डॉ. पायल देशपांडे, डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज आणि त्यांचे सहकारी यांनी हे वृत्त मार्च २०१० मध्ये भारतीय डॉक्टरांच्या एका संघटनेच्या नियतकालिकात छापले, आणि त्याच अंकात चेन्नईचे डॉ. अब्दुल गफूर यांनी अँटिबायोटिकांचा मृत्युलेख लिहिला. देशात फारसे कोणी हलले नाही. पुढे ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकाने तेच जनुक भारत, पाकिस्तान आणि ब्रिटन येथे पसरल्याचे छापले, तेव्हा मात्र मोठा गहजब झाला. पण तो कशावर? जनुकाच्या नावात नवी दिल्ली का, यावर. आमच्या राजधानीची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचे कारस्थान, असे वाग्बाण सुटले. नाव देण्यात औचित्य नव्हते हे मी मान्य करीन. परंतु घरास आग लागल्याची वर्दी देणाऱ्याने पत्ता नीट उच्चारला नाही म्हणून त्याच्याशी कज्जा मांडावा आणि बंब बोलावण्याचे राहून जावे, असा तो प्रकार झाला. क्षयाच्या बाबतीतही हेच घडले: २०११ च्या अखेरीस त्याच रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी त्या वेळी तपासलेल्या कोणत्याही औषधास न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदविले, आणि पहिला वाद झाला तो त्या क्षयास काय म्हणावे यावर.

पुण्याचे या कथेशी आणखी एक जुने नाते आहे, आणि ते अभिमानाचे आहे. औषधाविना जगणे म्हणजे काय, हे या शहराइतके थोड्या शहरांनी अनुभवले असेल. परदेशी जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी क्षयाने खंगून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी येथे वारल्या, तेव्हा त्यांना बावीसावे वर्षही पुरे झाले नव्हते. आणि दहा वर्षांनी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. दोन्ही रोगांवर पुढे इलाज झाला तो स्ट्रेप्टोमायसिन, जे १९४३ मध्ये सापडले. त्या काळच्या कोणत्याही घराण्याची वंशावळ उघडावी. बाळंतरोगाने गेलेल्या, पायाच्या जखमेने गेलेल्या, घटसर्पाने गेलेल्या माणसांची नावे त्यात ओळीने दिसतील.

म्हणून स्वातंत्र्यानंतर पेनिसिलिनचा देशातला कारखाना पुण्याच्या शेजारी, पिंपरीस निघाला, ही घटना केवळ औद्योगिक नव्हती. हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखे यांच्यासारख्यांनी आग्रह धरला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी साहाय्य केले, आणि १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी मालकीची कंपनी स्थापन होऊन पुढल्या वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. हॅमायसिन हे बुरशीच्या रोगांवरचे औषधही तेथल्याच प्रयोगशाळेत थिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी शोधले. कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. त्या पिढीच्या मनातला हेतू स्वच्छ होता: हे औषध राष्ट्राची सामाईक मिळकत आहे, आणि श्रीमंताइतकेच ते गरिबासही मिळाले पाहिजे. पुढे खाजगी कंपन्या शेकड्यांनी उभ्या राहिल्या, गोळी स्वस्त झाली, मिळू लागली, गल्लोगल्ली मिळू लागली. आणि सामाईक गायरानात प्रत्येकाने आपापली गुरे वाटेल तितकी सोडावीत तसे होऊन, मिळण्याचा प्रश्न सुटता सुटता उरण्याचा प्रश्न उभा राहिला.

धोक्याची सूचना तर आरंभीच मिळाली होती. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मधल्या आपल्या नोबेल व्याख्यानात एका काल्पनिक गृहस्थाची कथा सांगितली: घसा दुखतो म्हणून तो पेनिसिलिन विकत आणतो, अपुरे घेतो, जंतू न मरता शहाणे होतात, आणि तेच जंतू त्याच्या पत्नीस जडून ती दगावते. (जाता जाता सांगावयास हरकत नाही की, फ्लेमिंगनी उदाहरणास घेतलेला घशाचा तो स्ट्रेप्टोकोकस पेनिसिलिनला आजही बहुतेक सर्वत्र शरण जातो, दृष्टान्त चुकला, सिद्धान्त मात्र तंतोतंत खरा ठरला.) स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमध्ये १९४७ च्या सुमारास क्षयावर परीक्षा झाली, तेव्हाही काही महिन्यांतच अनेक रुग्णांचे जंतू त्या औषधास जुमानेनासे झाले होते, क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची वहिवाट पडली ती तेव्हापासून.

वारज्याच्या मुख्य रस्त्यावर आज औषधांच्या दुकानांची वाण नाही, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांपैकी कोणत्याही दुकानासमोर पाव तास उभे राहिले तर जे कानी पडते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. “काका, मागच्यासारखीच द्या.” “पोराला ताप आहे, शाळा बुडतीये, तीन दिवसांची द्या.” “पूर्ण स्ट्रिप नको, दोनच तोडून द्या.” कायद्याने यास मज्जाव आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये केंद्र सरकारने ‘एच-१’ नावाची अनुसूची काढली आणि १ मार्च २०१४ पासून ती अमलात आली. तीत ४६ औषधे घातली गेली, त्यांत वरच्या श्रेणीची अँटिबायोटिके आणि क्षयाची औषधे होती. ती चिठ्ठीशिवाय विकू नयेत, आणि विकल्यावर डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध नि त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी, असा हुकूम आहे. २०१६ मध्ये गोळ्यांच्या पाकिटावरील लाल रेघेचा अर्थ लोकांस समजावून देण्याची मोहीम निघाली. वही आहे, रेघ आहे. परंतु वही तपासणारे मनुष्यबळ दुकानांच्या संख्येच्या मानाने किती तोकडे असते, हे कोणत्याही सरकारी खात्याचा अनुभव असलेल्यास सांगावयास नको.

मात्र सारा दोष दुकानदाराच्या आणि गिऱ्हाइकाच्या माथी मारून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. रामनगरात राहणाऱ्या रोजंदारीच्या बिगाऱ्यास डॉक्टरच्या दारी दोन तास बसणे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी सोडणे. त्यावर तपासणीची फी, त्यावर कल्चरचे पैसे. त्याच्या हिशेबाने दोन गोळ्या हाच काटकसरीचा मार्ग, आणि त्याच्या जागी मी असतो तर निराळे काही केले असते असे छातीठोकपणे मला म्हणवत नाही. डॉक्टरांची अडचण वेगळी. ताप विषाणूचा की जीवाणूचा हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही, रुग्ण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात जाण्याची भीती असते, आणि गोळी न देणारा डॉक्टर ‘काहीच देत नाही’ म्हणून बदनाम होतो. याचा परिणाम आकड्यांत दिसतो: खाजगी बाजारातल्या विक्रीवरून काढलेल्या एका अभ्यासानुसार २०१९ मध्ये देशात सर्वाधिक खपलेले अँटिबायोटिक अ‍ॅझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी होते, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ते सर्रास वापरण्याच्या गटात नाही, नजर ठेवून वापरण्याच्या गटात आहे. पुढल्याच वर्षी करोना आला, आणि विषाणूवर काडीमात्र न चालणारी हीच गोळी घरोघर पोहोचली.

कोंबड्यांकडेही दृष्टी टाकली पाहिजे, कारण कोलिस्टिनची कथा त्यांच्यापाशी आहे. मूत्रपिंडांस अपाय करते म्हणून सत्तरीच्या सुमारास बाजूस सारलेले हे औषध, इतर सारी हरल्यावर रुग्णालयांनी पुन्हा बाहेर काढले. आणि त्याच काळात कोंबड्यांचे वजन लवकर वाढावे म्हणून ते त्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये एम.सी.आर.-१ जनुकाचा शोध जाहीर केला, तो डुकरे, मांस आणि माणसे या तिन्ही ठिकाणी ते सापडल्यामुळेच. आपल्या सरकारने जुलै २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. चांगला निर्णय, आणि वेळेच्या मानाने बराच जलद.

आकडे थोडक्यात सांगतो, कारण आकड्यांनी मन बधिर होते. औषधास न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळेच प्रत्यक्ष मेलेल्यांची जगातली संख्या २०१९ साली १२ लाख ७० हजार असावी, आणि ज्यांच्या मृत्यूत अशा जंतूंचा काही ना काही हात होता त्यांची ४९ लाख ५० हजार, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२२ मध्ये छापला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या रुग्णालयांत ई. कोलाय या जंतूचे इमिपेनेम या कार्बापेनेम वर्गातल्या औषधास दाद न देण्याचे प्रमाण २०१६ मध्ये १४ टक्के होते, ते २०२१ मध्ये ३६ टक्के झाले. ही मोठ्या रुग्णालयांतल्या गंभीर रुग्णांची गणना आहे, साऱ्या लोकांची नव्हे. तरीही पाच वर्षांत इतकी चढण. त्यामागचा अर्थ असा की सांध्याचे रोपण, सिझेरियन, कर्करोगाची रसायने, अपुऱ्या दिवसांच्या बालकाची काचपेटी, अशा ज्या ज्या उपचारांस आपण आधुनिक वैद्यकाचे वैभव म्हणतो, त्या साऱ्यांचा पाया ‘जंतू झालाच तर औषध आहे’ या गृहीतावर उभा आहे.

उपाय म्हणून नव्या औषधांकडे बोट दाखविले जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचे भारतीय औषध जाहीर झाले. त्यामागे सुमारे चौदा वर्षांचे संशोधन होते. ई. कोलायची एक पिढी अनुकूल स्थितीत वीस मिनिटांची असते. या शर्यतीत केवळ शोधावर भिस्त ठेवणे हा जुगार होय. माझ्या मते अधिक खात्रीचा मार्ग रोगच होऊ न देण्याचा आहे, आणि त्याचा दाखला आपल्याच राज्यात आहे: सिप्रोफ्लॉक्सॅसिनास न जुमानणारा विषमज्वर वाढत असता नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना विषमज्वराची नवी लस टोचली, सार्वजनिक खात्याने अशी मोहीम काढण्याचा जगातला तो पहिला प्रसंग. जो ताप आलाच नाही त्यावर गोळी लागत नाही.

दुसरा मार्ग त्याहून नीरस, म्हणजे गटाराचा. २०२५ च्या जानेवारीत वारज्याच्या समोरच्या तीरावर, नांदेड-किरकटवाडी-धायरीच्या पट्ट्यात, हातपाय लुळे पडण्याचा गिया-बारे आजार पसरला. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, आणि अनेकांच्या तपासणीत कँपिलोबॅक्टर जेजुनी हा अशुद्ध पाण्यातून व अन्नातून येणारा जीवाणू सापडला. जे पाणी हा जंतू वाहून आणते तेच एन.डी.एम.ही आणते, त्यासाठी दोन निराळी खाती लागत नाहीत. मुळा-मुठेच्या शुद्धीसाठी जपानी साहाय्याच्या कर्जाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. ९९० कोटींची योजना, ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे, एकूण क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर, आणि त्या यादीत वारजे आहे. असे केंद्र प्रतिकारी जनुके निपटून काढण्यासाठी बांधलेले नसते, आणि त्याच्या टाक्यांत जीवाणूंची दाटी होते हा आक्षेपही खरा आहे. तरीसुद्धा जंतूंची एकूण संख्या त्यामुळे पुष्कळ घटते, आणि काहीही न करता मैला ओढ्यात सोडण्यापेक्षा ते शतपटीने बरे. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात डॉक्टराइतकेच प्राण गवंड्याने वाचविले आहेत. हे श्रेय त्याला कोणी देत नाही, ही गोष्ट निराळी.

परवा पुन्हा त्या पुलावर थांबलो होतो. पाऊस नुकताच ओसरला होता, धरणातून पाणी सोडलेले होते, आणि नदी वर्षातून थोडे दिवस दिसते तशी नदीसारखी दिसत होती. हे पाणी संगमावर मुळेस मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेस मिळते, आणि भीमा उजनीच्या जलाशयात शिरते. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. उजनीच्या खाली हीच भीमा पंढरपुरापाशी चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तेथे तिला चंद्रभागा म्हणतात, आणि आषाढी एकादशीस लाखो वारकरी तिच्यात स्नान करून मगच देवळाच्या रांगेत उभे राहतात.